रस्ता कुणाच्या बापाचा?

शीर्षक वाचून संपादक मंडळाच्या सरांनी चष्मा नक्कीच वर केला असेल. पण सर, प्रश्न अगदी सरळ आहे. शहरातला रस्ता सगळ्यांच्या पैशातून होतो. मग त्यावर पहिला हक्क कुणाचा? एकट्याने कार घेऊन निघालेल्या साहेबांचा, की बसमध्ये लोंबकळणाऱ्या साठ जणांचा?

सरकारने याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटलंय की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटली पाहिजे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. देशातला हा पहिलावहिला प्रयोग! आज त्याचं नाव काढलं की सगळे एकाच सुरात म्हणतात, "ते फसलं राव."

फसलं हे खरं, पण का फसलं? बस धावू लागल्या तेव्हा थांबे, रस्ता ओलांडायची सोय, लेनची शिस्त हे सगळं अर्धवट होतं. बसच्या लेनमध्ये बाकीची वाहनं घुसत होती आणि रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत पोचताना लोकांच्या जिवावर बेतत होतं. लॅबमध्ये सर्किट अर्धवट जोडून रीडिंग चुकलं, तर आपण ओहमचा नियम चुकीचा ठरवतो का? (ओरलला ठरवून बघा, काय होतं ते कळेल.) अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग सुरू केला तो बसच्या उंचीचे बंदिस्त थांबे बांधून. तिथेही अडचणी आल्या, पण सुरुवात तरी धड झाली. पुण्याने २०१५ मध्ये नव्या मार्गांवर 'रेनबो' नावाने पुन्हा प्रयत्न केला आणि पुढे नगर रस्त्यावरचा बीआरटीचा काही भाग उखडूनही टाकला. कारण काय, तर वाहतूक कोंडी!

आता थोडं गणित करू. इंजिनिअरिंगचं मासिक आहे, एवढं तर चालवून घ्या. साडेतीन मीटरची एक लेन घ्या. सिग्नल हिरवा असताना तिच्यातून तासाला साधारण १८०० कार सुटतात. सिग्नल निम्मा वेळ लाल असतो, म्हणजे झाल्या ९००. कारमागे दीड माणूस धरला तर १३५० माणसं. त्याच लेनमधून दर मिनिटाला एक बस सोडली आणि बसमध्ये ५० जण धरले, तर तासाला ३००० माणसं जातात. दुपटीपेक्षा जास्त! आणि गंमत म्हणजे एवढं करूनही ती लेन बघणाऱ्याला रिकामीच दिसणार, कारण दोन बसमध्ये मिनिटभराचं अंतर असतं. शेजारी अडकलेला कारवाला त्या मोकळ्या जागेकडे बघून चरफडतो आणि नगरसेवकाला फोन लावतो. बसमधले तीन हजार लोक कुणालाच फोन लावत नाहीत. खरा लोच्या इथे आहे.

"ते ठीक आहे, पण पैसा कुठून आणणार?" हा पुढचा प्रश्न. माझं म्हणणं असं, की बसला दिलेली लेन हाच पहिला पैसा. समजा, एका मार्गावर जाऊन-येऊन दोन तास लागतात आणि १२ बस आहेत. म्हणजे दर दहा मिनिटांनी एक बस. लेन मोकळी मिळाली आणि तीच फेरी दीड तासात झाली, तर त्याच १२ बस दर साडेसात मिनिटांनी येतील. एरवी एवढ्यासाठी १६ बस लागल्या असत्या. म्हणजे चार बस, त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि डेपोतली जागा, हे सगळं रंगाचे पट्टे आणि थोडी हिंमत एवढ्या खर्चात मिळालं. ट्रॅफिकमध्ये उभ्या असलेल्या बसच्या ड्रायव्हरलाही पगार द्यावाच लागतो. आपण तोटा म्हणतो त्यातला बराचसा हा कोंडीचा खर्च असतो आणि तो बसच्या नावावर लिहिला जातो.

अर्थात नुसत्या लेनने भागणार नाही, रोख पैसाही लागतो. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च ११,४२० कोटींच्या घरात होता. तेहतीसेक किलोमीटर धरले तर किलोमीटरला साडेतीनशे कोटींच्या आसपास जातात. केंद्र आलं, राज्य आलं, युरोपातल्या बँकांचं कर्जही आलं. मेट्रो नको असं मी म्हणत नाही. मार्च २०२२ मध्ये ती सुरू झाल्यावर सगळ्यात आधी फोटो काढायला आपणच गेलो होतो! पण मेट्रो स्टेशनवरून घरी कसं जायचं? त्याला बसच लागते. आणि त्या बसचा रोजचा तोटा भरायचा कुणी, तर दोन महापालिकांनी, ६०:४० च्या हिशोबाने. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. नवीन पूल झाला की फीत कापता येते. बस वेळेवर आली म्हणून फीत कोण कापणार?

मग शेवटी भार पडतो तिकिटावर. मुंबईत बेस्टचा वीज विभाग वर्षानुवर्षं बसचा तोटा सोसत होता. ती वाट बंद होत गेली आणि बेस्टची दमछाक सुरू झाली. २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणलेलं किमान भाडं मे २०२५ मध्ये दहा झालं. पुण्यातही जून २०२५ पासून पाचाचे दहा झाले आणि महिन्याचा पास ९०० वरून १५०० वर गेला. आपण म्हणू, सहाशे रुपयेच ना, दोन पिझ्झे कमी खाऊ. पण धुणीभांडी करायला रोज दोन बस बदलून येणाऱ्या बाईंच्या घरात सहाशे म्हणजे पोराच्या क्लासची फी असू शकते. अशा घरातला एखादा जण मग बस सोडतो, हप्त्यावर जुनी टू-व्हीलर घेतो, रस्त्यावर आणखी एक गाडी वाढते, बस आणखी रखडते आणि तोटा आणखी वाढतो. हे चक्र तोडायचं असेल, तर बस वापरणाऱ्याच्या खिशात हात घालून भागायचं नाही. रस्ता अडवणाऱ्याकडून घ्यायला हवं.

उदाहरणार्थ पार्किंग. एका कारला उभं राहायला सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे जवळपास १३५ चौरस फूट. दहा बाय बाराची हॉस्टेलची खोली याहून लहान भरते. त्या खोलीत आपण तिघं राहतो आणि वर भाडं भरतो! कार मात्र भर पेठेत दिवसभर फुकट झोपते. २०१८ मध्ये पुणे महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं. विरोध इतका झाला की ते पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक ठरलं आणि पुढे तेही बारगळलं. लंडनने २००३ मध्ये मध्यवर्ती भागात येणाऱ्या गाड्यांना दिवसाला पाच पौंड आकार लावला आणि तो पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा असं कायद्याने बांधून घेतलं. तिथेही बोंबाबोंब झालीच होती.

दुसरी वाट नोकऱ्या देणाऱ्यांची. पॅरिस भागात १९७१ पासून ठराविक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या मालकांना पगारपत्रकावर वाहतूक कर भरावा लागतो. कामगार वेळेवर पोचला तर फायदा मालकाचाही होतो, हा साधा हिशोब. हे परदेशी फंडे आपल्याकडे चालणार नाहीत असं कुणी म्हणेल. पण ज्या महाराष्ट्राने १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, त्याला एका कामासाठी बांधलेला कर नवीन नाही.

तिसरी वाट तर तयारच आहे. पुण्या-मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. त्यातला ठरलेला हिस्सा बसला का नको? जागेचे भाव वाहतुकीने वाढतात, आणि त्या वाहतुकीत बसही येते.

फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी बस वाढवायची, लेन द्यायची, मग पार्किंगचे पैसे मागायचे. पर्याय न देता दंड लावला तर लोक चिडणारच, आणि त्यांचं चिडणं योग्य असेल.

राहता राहिला आपला प्रश्न. आपल्यातले निम्मे जण प्लेसमेंट झाल्या झाल्या पहिल्या पगारात बाईक बुक करणार. करा बापडे. पण आपल्यातलेच काही जण उद्या महापालिकेत, सल्लागार कंपन्यांत बसून रस्त्यांचे नकाशे काढणार आहेत. तेव्हा तासाला किती गाड्या गेल्या ते मोजू नका, किती माणसं गेली ते मोजा. मोजमाप बदललं की नकाशा आपोआप बदलतो.

पटत नसेल तर रात्री जेवणानंतर मेसमध्ये भेटा. गणित परत करून दाखवतो, चहा मात्र तुमचा!

(तृतीय वर्ष, स्थापत्य)