गोळी मिळते, पुढच्या आयुष्याचं काय?

६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका खासगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. पळणार कुठे? २८ जणांचा जीव गेला. तरीही जानेवारी २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूंमधल्या साखळ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आलाच. असं बांधून ठेवणं अमानुष आहे, हे न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं.

साखळी तुटलीच पाहिजे. पण ती तुटली की प्रश्न मिटला असं आपण समजतो, आणि तिथेच गफलत होते.

निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारांत चारपैकी जवळपास तिघांना उपचारच मिळत नाहीत. ज्या एकाला मिळतात, त्याची तरी काय अवस्था असते? गोळ्यांनी कानातले आवाज कमी होतात, झोप लागते. घरचे म्हणतात, "औषध चालू आहे ना, मग झालं!" पुढची पंधरा-वीस वर्षं तो माणूस कोपऱ्यातल्या खाटेवर बसून काढतो. काम नाही, हातात पैसा नाही, मित्र नाही. लग्नकार्याला घरचे त्याला मागे ठेवून जातात. मुलगी असेल तर "निकाह लावून द्या, ठीक होईल" हा सल्ला ठरलेला. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, पण ती तपासायचं कुणाला सुचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांमुळे होतात.

कायदा मात्र गोळीच्या पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीला बंदी घातली आणि समाजात राहण्याचा हक्क दिला. घरच्यांनी नाकारलं, एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. पण बाहेर पडून राहायचं कुठे? त्यासाठीची निवासगृहं अगदीच थोडी आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजारही येतो. प्रमाणपत्र मिळालं तर निराधार योजनेसारख्या मदतीचं दार उघडतं. अडचण अशी, की हा आजार कमी-जास्त होत राहतो. तपासणीच्या दिवशी पेशंट दोन वाक्यं नीट बोलला, की "हा तर बरा दिसतो" असं वाटून जातं. घरच्यांनी जुने कागद, औषधांच्या चिठ्ठ्या जपून सोबत नेल्या पाहिजेत.

आपल्याकडे अनेक घरं आधी दर्ग्यावर जातात. त्यांची टिंगल करून काही साधत नाही. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा प्रयोग झाला. दुआ बंद न करता मुजावरांनीच कुटुंबांना डॉक्टरांकडे पाठवलं. लोकांनी ऐकलं, कारण सांगणारा माणूस भरवशाचा होता.

हाच भरवसा पुढच्या टप्प्यासाठीही वापरता येईल. मशिदीच्या ट्रस्टने दिव्यांग प्रमाणपत्राचे फॉर्म भरून देण्याचं शिबिर घ्यावं. जकात घेण्यास पात्र असलेल्या पेशंटच्या गोळ्यांचा आणि रक्ततपासणीचा खर्च मोहल्ल्याने जकातीतून उचलावा. दुकानदाराने दोन तासांचं हलकं काम द्यावं आणि त्याची मजुरीही द्यावी. घरच्यांना सल्ला हवा असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे.

अशा प्रत्येक घरात एक म्हातारी आई असते. "माझ्यामागे याला कोण बघणार?" हा प्रश्न ती डॉक्टरला विचारते, मौलानांनाही विचारते. या प्रश्नावर कुठलीच गोळी नाही. त्याचं उत्तर सरकारला आणि आपल्याला मिळून द्यावं लागेल, आणि तेही ती माऊली हयात असतानाच.