पांडुरंगाचा पांडू कोण करतो?

चळवळीतल्या कार्यकर्त्याच्या घरी मुलगा जन्मला की बारशापूर्वीच्या दिवसांत एक वाद बहुधा ठरलेला असतो. आजीला नातवाचे नाव पांडुरंग हवे असते. घरात पिढ्यान् पिढ्या वारी असते, शिवाय तिच्या सासऱ्यांचे नाव तेच असते. सून म्हणून जे नाव तिने कधी ओठांवर आणले नाही, ते आता नातवाला हाक मारण्याच्या निमित्ताने उच्चारता येईल, असा तिचा साधा हिशेब असतो. मुलाच्या आईबापांच्या मनात मात्र अथर्व, आरव, विहान अशी नावे घोळत असतात. पांडुरंग हे नाव जुनाट आहे, असे आजीच्या तोंडावर म्हणण्याची सोय नसते. मग दुसरे कारण पुढे येते. शाळेत पोरे त्याला पांड्या म्हणतील आणि पुढे जन्मभर लोक पांडू म्हणतील! आजी गप्प होते. गिरणीत उभे आयुष्य काढलेल्या आपल्या सासऱ्यांना जॉबर चाळीच्या दारात उभा राहून 'ए पांड्या' अशी हाक मारीत असे, हे तिने ऐकलेले असते. वाद तेथेच मिटतो आणि पांडुरंग मागे पडतो.

ही घटना लहान आहे, घरगुती आहे, आणि तिच्यावर पक्षाच्या साप्ताहिकात चर्चा कशाला, असे काही जणांना वाटेल. परंतु एखाद्या घराला आपल्या वाडवडिलांचे नाव केवळ अपमानाच्या भीतीने सोडावे लागत असेल, तर तो अपमान कोठून येतो, हे पाहणे समाजवाद्यांचे काम आहे. तो नावातून येतो, असे मानणे ही पहिली चूक होय.

कारण पांडुरंग नावाची माणसे महाराष्ट्रात थोडीथोडकी होऊन गेलेली नाहीत. साने गुरुजी हे पांडुरंग सदाशिव. मुळशीच्या सत्याग्रहाचे सेनापती बापट हे पांडुरंग महादेव. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे आणि १९६३ साली 'भारतरत्न' झालेले काणे हे पांडुरंग वामन. यांपैकी कोणाचाही लोकांनी पांडू केला नाही. एक गुरुजी झाले, दुसरे सेनापती झाले, तिसरे महामहोपाध्याय. आणि नाव आखडायचेच झाले तर छापखान्याने 'पां. स.', 'पां. म.', 'पां. वा.' अशी सभ्य आद्याक्षरे केली. मराठीत आद्याक्षरे मिळणे हीसुद्धा एक मालमत्ता आहे. हजेरीपटावरच्या बिगाऱ्याला ती कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. बॅरिस्टर नाथ पै यांचे मूळ नाव पंढरीनाथ, म्हणजे त्याच विठ्ठलाचे. त्यांचेही नाव आखडले गेले. पण जे उरले ते 'नाथ', आणि राजापूरच्या मतदारांनी १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत ते लोकसभेवर पाठविले. तेव्हा नाव लहान होण्याला दोष देता येत नाही. ते कोणाच्या तोंडून आणि कोणासाठी लहान होते, हे महत्त्वाचे.

मराठी भाषा या बाबतीत फार चतुर आहे. एकाच पांडुरंगाचे ती पांडुरंगपंत करते, पांडुरंगराव करते, पांडोबा करते, पांडूतात्या करते, पांडू करते आणि पांड्याही करते. आणि प्रत्येक रूपाबरोबर क्रियापदही बदलते. पांडुरंगरावांना 'या, बसा' असते. पांडूला 'ये' असते, आणि बसण्याचा उल्लेखच नसतो. गावाकडे 'पांडूतात्या' या हाकेत कोणालाही कमीपणा वाटत नाही, कारण नाव कितीही आखूड झाले तरी मागे लावलेला तात्या वयाचा मान राखतो. पण त्याच गावात साठी उलटलेल्या सालगड्याला मालकाचा दहा वर्षांचा मुलगा 'पांड्या, बैल सोड' म्हणतो, तेव्हा तात्या गळून पडतो. वडीलधाऱ्यांचा आदर हा आमच्या संस्कृतीचा पाया आहे, असे सांगणाऱ्यांनी या एका हाकेचा खुलासा करावा. जात आणि जमीन आडवी आली की साठ वर्षांचे वय दहा वर्षांपुढे हरते, इतका तो पाया भक्कम आहे!

मुंबईच्या पांढरपेशा वस्तीत तर एवढेही कष्ट घेतले गेले नाहीत. कोकणातून आलेल्या घरगड्याचे नाव काहीही असो, तो 'रामा'. 'रामागडी' हा शब्दच भाषेत रूढ झाला. देवाचे नाव मिळाले आणि माणसाचे स्वतःचे गेले. आज चहाच्या टपरीवर कप विसळणारा मुलगा असाच सरसकट 'छोटू' असतो. बालमजुरीविरुद्धचा कायदा १९८६ साली झाला, २०१६ साली तो अधिक कडक करण्यात आला. पण त्या मुलाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात, हे विचारावे असे गिऱ्हाइकाला अजून वाटत नाही.

या व्यवहाराला शास्त्राचा आधार होता, हे विसरून चालणार नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे. मूल पाळण्यात असतानाच त्याची पायरी ठरविणारा हा नियम आहे, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यातलाच तो आहे. मात्र दगडू, धोंडू, कचरू ही नावे पाहून ती सारी मनूने लादली असे म्हणणेही बरोबर होणार नाही. त्यांच्यामागे पुष्कळदा एका आईचे भय होते. मुले जगत नसत. पाठोपाठ दोन-तीन गेली की पुढच्याचे नाव मुद्दाम कचऱ्याचे, दगडाचे ठेवायचे, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर जाणार नाही, अशी ही समजूत. हे भय सर्व जातींत होते. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले आणि १९५८ साली 'भारतरत्न' झालेले महर्षी कर्वे हे धोंडो केशव. धोंडा तोच, पण पेशव्याच्या घरी त्याला 'पंत' चिकटले, कर्व्यांच्या नावाआधी 'महर्षी' लागले, आणि गावकुसाबाहेर तो दगड्याच राहिला. 'बलुतं'चे लेखक दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या त्या आत्मकथनात दगडू आणि दया हे एकाच माणसाचे दोन भाग होऊन समोरासमोर बसतात. नावाची जखम किती खोल जाते, हे ज्यांना कळून घ्यायचे असेल त्यांनी ते पुस्तक पुन्हा उघडावे.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या एका मुलाचे नाव पटावर 'भिवा' असे आहे. पुढे हा भिवा भीमराव झाला, बाबासाहेब झाला. आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांच्या अनुयायांच्या घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम ही नावे आली. येथे एक फरक लक्षात घेतला पाहिजे. ज्या समाजाने ती जुनी उतरंडच नाकारली, त्याने तिच्या खुणा असलेली नावेही टाकली. ती चढाई होती. कार्यकर्त्याच्या घरातला पांडुरंग मात्र चढाईने जात नाही. जॉबरची हाक आठवून तो निमूटपणे काढून घेतला जातो, आणि जागी येते ते शेजारच्या इमारतीतल्या मुलांसारखे नाव.

याचा अर्थ 'पांड्या' हा शब्दच शिवी आहे, असाही नाही. आई लाडाने म्हणते, गल्लीतली पोरे गोट्या खेळताना म्हणतात, आणि तसे म्हणणारा दोस्त पुढे चाळीस वर्षांनी भेटला तर त्या हाकेने डोळे भरून येतात. संत नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईच्या नावावर असलेल्या अभंगात तर प्रत्यक्ष पंढरीच्या देवाला 'विठ्या' म्हटले आहे. दासी देवाला तसे म्हणू शकते, कारण तिच्या म्हणण्यात देवाला जवळ ओढण्याची हिंमत आहे. आणि वारकऱ्यांनी हाच न्याय माणसांना लावला. तुकारामाचा तुकोबा केला, चोख्याचा चोखोबा केला. तो 'बा' त्यांनी कुणब्यालाही दिला आणि महारालाही दिला. दुर्दैव एवढेच की चोखोबा म्हणणारे देऊळ चोखोबाच्या जातभाईंना आत घेत नव्हते. ते दार उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये ज्यांनी पंढरपुरात उपोषण केले, ते साने गुरुजी नावाने पांडुरंगच होते.

इतके झाल्यावर आपल्या घराकडे पाहायला हवे. समाजवादी चळवळीने 'साथी' हा शब्द दिला. व्यासपीठावर, पत्रिकेवर, ठरावात प्रत्येक जण साथी असतो. नेत्यांना कार्यकर्त्यांनी अण्णा, नाना, भाई अशी घरगुती नावेही दिली आणि ती मनापासून दिली. पण पक्षाच्या कचेरीत जो गृहस्थ पहाटे येऊन केर काढतो, चहा आणतो, मोर्च्याच्या आदल्या रात्री फलक चिकटवितो, त्याला काय म्हणतात? वय पंचावन्न, पक्षात तीस वर्षे, आणि काल आलेला महाविद्यालयीन कार्यकर्ता त्याला खुशाल 'पांडू, दोन कटिंग' म्हणतो. नेत्याचा अण्णा हा वर जाणारा लाड आहे; कचेरीतला पांडू हा खाली जाणारा. विषमतेवर शिबिरे घेणाऱ्यांना हे ऐकू येत नाही, कारण ही हाक त्यांनी लहानपणापासून आपल्या घरी ऐकलेली असते.

रस्त्यावरच्या पोलिसाचेही तेच. १९७५ साली दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' पडद्यावर आला. तेव्हापासून मुंबईत कोणताही शिपाई दिसला की तो 'पांडू'. लाठी खाल्लेल्या माणसाने त्याच्यावर रागावावे, हे समजू शकते. पण लाठीचा हुकूम देणारा 'साहेब' राहतो आणि हुकूम पाळणारा शेतकऱ्याचा मुलगा 'पांडू' होतो, यात चळवळीने हसून सामील व्हावे असे काही नाही.

म्हणून आजीचे ऐकावे. नाव पांडुरंगच ठेवावे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात सरकारी कागदोपत्री आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहायचे आहे. तेही आनंदाने लिहावे. घरात आईने त्याला पांडू म्हणावे, अंगणात सवंगड्यांनी पांड्या म्हणावे, त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत घ्यायची ती शाळेत, जेथे गुरुजी डॉक्टरच्या मुलाला पूर्ण नावाने आणि रिक्षावाल्याच्या मुलाला अर्ध्या नावाने हजेरी विचारतात. कारखान्यात, जेथे मुकादम नाव तोडतो. आणि त्याहीआधी पक्षाच्या कचेरीत. तेथे उद्या सकाळी चहा आणणाऱ्या गृहस्थांचे पूर्ण नाव किती कार्यकर्त्यांना सांगता येते, ते पाहावे. सभासद नोंदणीच्या वहीत ते सापडेल. वर्गणी त्यांनी दर साली भरलेली आहे.