वाजवणारे दोघं, नाचणारे आपण

ऑफिसच्या अॅन्युअल डेला डीजेनं कितीही लेटेस्ट इंग्लिश ट्रॅक वाजवू देत, रात्री साडेदहाच्या सुमारास कुणीतरी जाऊन त्याच्या कानाला लागतंच. पुढच्या मिनिटाला 'झिंगाट' सुरू! मग दिल्लीचा टीम लीड, चेन्नईची टेस्टर आणि इतका वेळ कोपऱ्यात कोल्ड्रिंकचा ग्लास धरून उभा असलेला आपला सोलापूरकर, सगळे एका रांगेत. शब्द धड येतात ते फक्त सोलापूरकराला. त्या चार मिनिटांपुरता तोच अख्ख्या फ्लोअरचा बॉस. ''आपल्या जिल्ह्यातलं गाणं आहे बे!'' हे तो प्रत्येकाला ओरडून सांगतो.

आता खरं सांगायचं तर सोलापूर जिल्ह्यातला आहे तो सिनेमा. 'सैराट'चा दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. पुण्याहून सोलापूरला रेल्वेनं येताना लागतं ते जेऊर. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. शूटिंगही बरंचसं करमाळ्याकडचंच. गाणं मात्र पुणे जिल्ह्यातल्या दोन सख्ख्या भावांचं, अतुल आणि अजय गोगावले यांचं. वडील महसूल खात्यात, त्यामुळे पोरांचं लहानपण बदल्यांमागे फिरण्यात गेलं. जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर अशी गावं. घरात गाण्याचं घराणं वगैरे काही नाही. पण अशा गावात राहणाऱ्या पोराला क्लास लावावा लागत नाही हो. पहाटे काकडा, दुपारी वरातीचा बँड, रात्री गोंधळ नाहीतर तमाशा. कान आपोआप तयार होतात.

जोडीनं संगीत करणारे जगभर आहेत. ब्रिटनच्या पेट शॉप बॉइजचंच बघा. नील टेनंट आणि ख्रिस लो १९८१ साली लंडनच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भेटले. टेनंट तेव्हा संपादनाच्या नोकऱ्या करायचा आणि पुढे 'स्मॅश हिट्स' या पॉप मासिकात लागला. म्हणजे तुमच्याआमच्यासारखा पगारदार माणूस! त्यांचं 'वेस्ट एंड गर्ल्स' १९८४ मध्ये आलं तेव्हा ब्रिटनमध्ये फारसं कुणी विचारलं नाही. तेच गाणं पुन्हा नव्यानं रेकॉर्ड केलं आणि जानेवारी १९८६ मध्ये ते तिथल्या यादीत पहिल्या नंबरवर जाऊन बसलं. गंमत म्हणजे दुनियेला नाचवणारे हे दोघं स्टेजवर स्वतः फारसे हलायचेही नाहीत. लो तर कीबोर्डमागे बँकेतल्या कॅशियरसारखा उभा.

आपल्या भावांचंही गाणं दुसऱ्यांदा वाजलं आणि मग देशाला कळलं. २००६ च्या 'जत्रा'तलं 'कोंबडी पळाली' आठवतंय? आनंद शिंदे आणि वैशाली सामंत. गणपतीच्या मिरवणुकीत त्या वर्षी दुसरं काही ऐकल्याचं स्मरत नाही. मराठी सुगम संगीतवाल्या मंडळींनी तेव्हा नाकं मुरडली, ''हे काय गाणं आहे?'' म्हणाले. २०१२ मध्ये हीच चाल 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन आली आणि ही मंडळीही मुकाट्यानं पाय हलवायला लागली. हिंदीत गेलं की चालतं, असं आहे आपलं!

मुळात 'कोंबडी'वाले म्हणून त्यांना एका खणात टाकणंच चूक. कारकिर्दीच्या सुरुवातीला 'विश्वविनायक'मध्ये त्यांनी एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांच्याकडून गणपतीची गाणी गाऊन घेतली होती. २००४ च्या 'अगं बाई अरेच्चा'त 'मन उधाण वाऱ्याचे' आणि 'मल्हार वारी' एकाच कॅसेटवर. 'जोगवा'साठी तर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इलयाराजांना ते गुरुस्थानी मानतात, आणि ते ऐकू येतं. खाली गावचा ठेका आणि वर व्हायोलिनांचा ताफा, ही युक्ती तिथलीच.

'सैराट'साठी त्यांनी ही युक्ती टोकाला नेली. लॉस एंजेलिसजवळच्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, जिथं हॉलिवूडच्या सिनेमांचं संगीत होतं, तिथं गोऱ्या वादकांच्या ऑर्केस्ट्राकडून करमाळ्यातल्या पोरापोरीचं प्रेम वाजवून घेतलं. भारतीय सिनेमाचं संगीत तिथं रेकॉर्ड होण्याची ही पहिलीच वेळ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मराठी सिनेमाचं बजेट माहीत असलेल्या माणसाला घाम फुटावा असा हा प्रकार. पण परश्या विहिरीत उडी मारतो तेव्हा मागं ते सगळं वाजतं आणि वाटतं, का नाही? शेतमजुरी आणि मासेमारीवर जगणाऱ्या घरातल्या पोराच्या प्रेमाला एवढा थाट का नसावा? २९ एप्रिल २०१६ ला सिनेमा लागला, लोक थिएटरात पडद्यापुढं जाऊन नाचले आणि शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा तो पहिला मराठी सिनेमा झाला.

गाणी चार, आणि चारही पूर्वार्धात. मध्यंतरानंतर दोघं हैदराबादला पळून जातात. (पूर्व भागात घरोघरी तेलुगू ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला तो भाग मुळीच परका वाटत नाही.) झोपडी, डोशाची गाडी, भांडणं, स्कूटर, हप्त्यावरचं घर. थोडक्यात, आपण सगळे नव्या शहरात जे करतो तेच. फक्त यांनी जात ओलांडलेली. शेवटी माहेरची माणसं साड्या-भांड्यांचा आहेर घेऊन दारात येतात, चहा होतो. आणि पुढं जे होतं त्याला संगीतच नाही. लहान पोर रक्तात पाय भरून चालत जातं आणि पडदा गप्प. ज्यांच्याकडे अख्खा ऑर्केस्ट्रा होता त्यांच्या सिनेमात शेवटी एक तारही वाजत नाही.

'झिंगाट' पुढं २०१८ च्या 'धडक'मध्ये हिंदीत आलं, कन्नडमध्येही गेलं आणि आता ते सगळ्यांचं झालं. आंतरजातीय लग्नाला हॉलवर यायलाही जे काका तयार नसतात, तेच दुसऱ्याच्या वरातीत या गाण्यावर रुमाल फिरवताना दिसतात. डीजेला त्याचं काय? तो पुढचं गाणं लावतो.

तुमच्या ऑफिसात एखादी जोडी असेल. दोघंही चांगले पगारदार, फ्लॅटचं बुकिंग झालेलं आणि तरी रविवारी घरून फोन आला की बोलायला बाल्कनीत जाणारी. या वीकेंडला 'सैराट' पुन्हा लावा. इंटरव्हलनंतर मात्र उठू नका.