बिअर झकास होती हो!

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या आमच्या जमातीचं एक ठरलेलं रडगाणं आहे: "बिअर झकास होती हो, जजलाच कळली नाही." साफ खोटं! चुकीच्या गटात अर्ज कुणी भरला?

माझंच सांगतो. आयपीए करायला घेतली होती. अल्कोहोल ५.७ टक्के, कडवटपणा ४५ आयबीयू. बीजेसीपीच्या २०२१ च्या नियमावलीत आकडे बरोब्बर बसले, दिली ठोकून 'अमेरिकन आयपीए'मध्ये. ५० पैकी २८! शेरा: हॉप्स कमी, माल्ट पुढे. दोन दिवस जजला शिव्या घातल्या. मग नियमावली पुन्हा उघडली, तर हेच आकडे 'अमेरिकन पेल एल'मध्येही बसतात. तिथे कडवटपणा ३० ते ५०, अल्कोहोल ४.५ ते ६.२. म्हणजे आकड्यांवर काही ठरतच नाही राव, ठरतं जिभेवर. (आणि मी बाटली न चाखताच अर्ज भरला होता.)

जजला तुमची रेसिपी दिसत नाही, नावही नाही. समोर ग्लास आणि गटाचं नाव, बस्स. चवीला २० गुण, वासाला १२. "मी आयपीएच करत होतो" याला शून्य. प्रोग्रॅम चालत नसेल तर क्लायंटला डिझाइन दाखवता का?

गटबिट सगळं थोतांड म्हणणारेही आहेत. मग घरी मित्रांना पाजा की, प्रवेश फी कशाला भरता?

हल्ली अर्जाच्या आदल्या रात्री मी बायकोला ग्लास देतो, काय केलंय ते न सांगता. ती पेल एल म्हणाली की पेल एल. भांडत नाही.