पेशीतला राखणदार आणि तंबाखूची चिमूट

पेशीच्या डीएनएत बिघाड झाला की पी५३ हे प्रथिन तिचे विभाजन रोखते. दुरुस्ती अशक्य असेल, तर पेशीलाच संपवते. १९७९ मध्ये सापडलेल्या या प्रथिनाचे जनुक सुमारे निम्म्या कर्करोगांत बिघडलेले आढळते. तंबाखूतली रसायने नेमका हाच राखणदार निकामी करू शकतात. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत-कळमनुरीच्या शिवारात हळद काढताना मळलेली चिमूट दिवसभर गालात धरणाऱ्यांना हे कोणी सांगायचे? राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण टपरीवरची पुडी काही थांबलेली नाही. हिंगोलीच्या आरोग्य यंत्रणेने आठवडी बाजारातच तोंडाची तपासणी सुरू करावी. पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर बायोप्सीसाठी मजुराचा रोज बुडू नये.