तिथला कोटा १९७८ मध्येच संपला

‘अमेरिकेने आरक्षण मोडीत काढले, आपण कधी?’ हे पत्र वाचले. मुळात ही तुलनाच चुकीची आहे. विद्यापीठ प्रवेशात वंशानुसार राखीव जागा ठेवायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात १९७८ सालीच मनाई केली होती. त्याच न्यायालयाच्या २९ जून २०२३ च्या निकालाने गेली ती अर्जदाराचा वंश अनेक बाबींपैकी एक म्हणून विचारात घेण्याची मुभा.

हार्वर्डविरुद्ध हा खटला लढवणारी ‘स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स’ ही पत्रलेखकाला आशियाई विद्यार्थ्यांची उत्स्फूर्त चळवळ वाटते. ही संस्था २०१४ मध्ये एडवर्ड ब्लम यांनी उभारली. ते विद्यार्थी नाहीत, वकीलही नाहीत. मतदान हक्क कायद्याची धार बोथट करणाऱ्या २०१३ च्या शेल्बी काउंटी खटल्यामागेही तेच होते. प्रवेशात डावलले जात असल्याची आशियाई मुलांची तक्रार ऐकलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण हार्वर्डमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना मिळणारे झुकते माप या निकालाने बेकायदा ठरले नाही. गुणवत्तेचा एवढा कैवार घेणाऱ्या पत्रात त्यावर एक ओळही नसावी, हे मला खटकले.

आपल्याकडचे आरक्षण राज्यघटनेच्या कलम १५(४) आणि १६(४) वर उभे आहे. अमेरिकी घटनेत तसे कलमच नाही. मग तिथल्या निकालाचा दाखला इथे कसा चालेल?

– एक वाचक, सातारा