मधला सोमवार

यंदाच्या दिवाळीत एक दिवस रिकामा आहे. रविवारी, ८ नोव्हेंबरला पहाटे अभ्यंगस्नान आणि त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. पाडवा मात्र मंगळवारी. मधल्या सोमवारी काहीच नाही. "कॅलेंडर छापताना चुकलंय का हो?" असं दोघातिघांनी मलाच विचारलं. छपाईच्या चुका हा आमचा प्रांत खराच, पण ही चूक कुणाचीच नाही.

तारीख मध्यरात्री बदलते, वार सूर्योदयाला. तिथीला दोन्हींशी देणंघेणं नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपली, मग तेव्हा पहाट असो की भरदुपार. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून एखादी तिथी वीस तासांत आटोपते, तर एखादी सव्वीस तास रेंगाळते. इथवर गणित. सण ठरवायला तेवढं पुरत नाही, कारण प्रत्येक सण आपल्या वेळेला तिथी मागतो. गणपतीला चतुर्थी हवी माध्यान्ही, संकष्टीला चंद्रोदयी, महाशिवरात्रीला चतुर्दशी मध्यरात्री. लक्ष्मीपूजनाला अमावास्या हवी दिवेलागणीला आणि पाडव्याला प्रतिपदा सूर्योदयी. यंदा अमावास्या रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास लागते आणि सोमवारी दुपारी साडेबाराला संपते. रविवारची संध्याकाळ लक्ष्मीची झाली. सोमवारी सूर्य उगवेल तेव्हा अजून अमावास्याच, मग पाडवा कुठला?

हे तरी सोपं वर्ष. २०२४ साली अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागून १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाला संपली. उत्तरेत अनेकांनी पहिली संध्याकाळ धरली, आपण दुसरी. गेल्या वर्षी पुन्हा तेच, २० की २१ ऑक्टोबर? २१ला तर मुंबईत सूर्य मावळण्याच्या थोडं आधीच अमावास्या संपली होती, तरी महाराष्ट्राने पूजा २१लाच केली. (त्या अमावास्येला आपण आश्विनातली म्हणतो आणि उत्तरेत कार्तिकातली, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आकाशात रात्र एकच.) अशा पेचात गणित बाजूला बसतं आणि निर्णयग्रंथ बोलू लागतात. १६१२चा कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु', १७९०चा पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु'. नावातच 'निर्णय' आहे. शास्त्रात एकच तारीख असते असं ठणकावून सांगणाऱ्यांनी 'धर्मसिंधु' जरूर चाळावा. कोणती तिथी मागच्या दिवशीची घ्यावी, कोणती पुढच्या, यावर तिथे एखाद्या कोर्टासारखा खल चालतो आणि मतांतरंही नोंदवलेली असतात.

तारीख ऑक्टोबरातून नोव्हेंबरात गेली ती धोंड्याच्या महिन्यामुळे. बारा चांद्रमासांचे दिवस भरतात ३५४, सौरवर्षाला अकरा कमी. ही तूट साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालून भरून काढतात. नियम असा, की ज्या महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. यंदा १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत अमावास्या संपली आणि सूर्य मिथुनेत गेला दुपारी. या चार-पाच तासांनी ज्येष्ठ अधिक झाला. क्रम उलटा असता, तर आषाढ दोन आले असते आणि जावयांचे अनारसे महिनाभर लांबले असते.

या अधिक महिन्याने आम्हा दिवाळी अंकवाल्यांना गेल्या वर्षीपेक्षा अठरा दिवस जास्त दिले. ते लेखकांनी खाल्ले. शेवटचा मजकूर हाती आला तेव्हा छपाईवाले, नेहमीप्रमाणे, फोन उचलत नव्हते.

राहता राहिला तो सोमवार. आमचे काही वर्गणीदार न्यू जर्सीत आहेत. त्यांच्या घड्याळात अमावास्या सोमवारी पहाटे दोनलाच संपते, म्हणजे तिथल्या सूर्योदयाला प्रतिपदा. तिथलं पंचांग पाहणाऱ्यांचा पाडवा त्यामुळे ९ तारखेलाच, आणि भाऊबीजही आपल्या एक दिवस आधी, मंगळवारी. त्यांच्या दिवाळीत रिकामा दिवस नाही. आपल्याकडे आहे. फराळ झालेला, पाहुणे अजून यायचे, आणि हा अंक हाताशी.